कोण कुणाला पाहून सरकतं

सोमवार, १४ नोव्हेंबर २०११
देवदारांचं रान, अझ्रूच्या वर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर पहिल्या चार ओळी वाच आणि मग फाड. मागायचंय ते मी तिथंच मागून टाकणार आहे. तुला गोल गोल बोललेलं आवडत नाही.

माझा क्षय परत उठलाय. तुदाला तुझ्या घरी घे. ती दहा वर्षांची आहे, खाते कमी, बोलते जास्त. बाकी काही मागत नाही.

झालं. आता फाड.

अजून वाचतोयस? मग ऐक. अझ्रूच्या दवाखान्यात एक कोवळा डॉक्टर आलाय. माझ्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून म्हणाला, "चाचा, हा आजार कितीतरी माणसांच्या छातीत नुसता झोपून असतो. अंगाची प्रतिकारशक्ती दमली की तो उठतो. तुमचं अंग कशानं दमलं?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे वेळ किती आहे?"

तो हसला. भला पोरगा आहे, पण हसून झाल्यावर त्यानं जे सांगितलं ते भलं नव्हतं. नेहमीच्या गोळ्या माझ्यावर चालेनाशा झाल्यात. दुसऱ्या मागवल्यात, त्या येतील तेव्हा येतील. आणि पोरीला एका खोलीत झोपवू नका, म्हणाला. म्हणून तुदा शेजारच्या फादमा म्हातारीकडे झोपते. मी सगळं पाळतो.

तुला आठवत असेल, हा आजार मला पहिल्यांदा झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू पंधराचा. गुडघाभर बर्फातून तू मला पाठीवर घेऊन खाली नेलं होतंस. वाटेत तीनदा पडलास आणि तिन्ही वेळा शिव्या मलाच दिल्यास, "नीट धर ना, गाढवा!" तेव्हा तो मेला नाही, नुसता झोपला म्हणे. चाळीस वर्षं माझ्याच छातीत बिऱ्हाड करून राहिला आणि मला पत्ता नाही.

तुदाच्या आईचं, रबहाचं विचारशील. ती खेनिफ्राला दुसऱ्या घरी नांदते. तिच्या नवऱ्याला माझी पोर नको आहे, आणि त्याला मी नावं ठेवत नाही. इम्मा गेली, बाबा गेले. तुदाला माझ्यामागे या जगात तू एकटा आहेस. तू चांगला आहेस म्हणून नाही. दुसरं कुणी उरलंच नाही म्हणून.

काम अजून तेच. तुझ्या भाषेत, माकडांच्या लेंड्या गोळा करतो. भर बाजारात तू मला हागणदारीचा मुकादम म्हणाला होतास. तेव्हा खरा मुकादम तू होतास, गावच्या दाखल्यांवर सही करणारा. लोक पोट धरधरून हसले. मीपण हसलो. धाकट्यानं हसायचं असतं.

उत्तर टॅक्सीवाल्या झैदजवळ दे. तो रोज मेकनेसला येतो.

मिमून


रविवार, ४ डिसेंबर

दादा,

तीन आठवडे झाले. झैद म्हणतो, पत्र मी स्वतः इत्तो वहिनीच्या हातात दिलं. मी विचारलं, वहिनी काय म्हणाल्या? म्हणे, "वहिनींनी चहा दिला." वा! मला सात वर्षांत तुझ्या घरचा पाण्याचा घोट नाही आणि टॅक्सीवाल्याला पुदिन्याचा चहा.

तू वाचतोयस की नाही कळायला मार्ग नाही. पण खोकल्यानं झोप लागत नाही, दिवसा रानात बसून राहावं लागतं, वही हातात असते. लिहितो.

माझं काम तसं सोपं आहे. कोण कुणाला पाहून सरकतं, तेवढं टिपायचं. लोकांना वाटतं माकडं दिवसभर मारामाऱ्या करतात. तसं काही नसतं. खालचा वरच्याला येताना पाहतो आणि उन्हातली जागा सोडून उठतो, एवढंच. वर्षभर असे कागद भरले की कोण कितव्या पायरीवर ते आपोआप समजतं. मग ज्याची त्याची लेंडी बाटलीत भरून पाठवायची. आमची जर्मन बाई हेलेना त्यातून शोधते की कुणाच्या अंगात ताणाचं संप्रेरक किती आहे. मी त्याला धास्तीचा रस म्हणतो. तिला ते इतकं आवडलं की तिनं आपल्या वहीत उतरवून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं, अरे, हे तर मला येतं! तू अंगणातून आत आलास की मी शेगडीपासून सरकायचो. तू ताटाला हात लावेपर्यंत माझा हात मांडीवर. तू कधी मारलं नाहीस. खोटं कशाला बोलू, इम्माचा मार मी खाल्ला, तुझा नाही. तू फक्त आत यायचास.

आमच्या टोळीतल्या सर्वांत वरच्या नराचं नाव मुकादम आहे. माफ कर. नाव सगळ्यांनी मिळून ठेवलं. सुचवलं मी.

या बिनशेपटीच्या माकडांची एक रीत आहे. खालच्या नराला वरच्याजवळ जायचं असलं तर तो रिकाम्या हाती जात नाही. कुणाचं तरी तान्हं पिल्लू उचलतो आणि छातीशी धरून हळूहळू जवळ जातो. मग दोघं मिळून त्याला मधे धरतात, हुंगतात, दात वाजवतात, जणू काही त्यांचं कधी वाकडं नव्हतंच. पिल्लू मधे असेपर्यंत कुणी कुणाला चावत नाही. हेलेनाला याचं केवढं नवल! मी म्हटलं, बाई, यात नवल कसलं? आमच्याकडेही हेच आहे. ज्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही, त्यानं समोरच्याच्या दारात मेंढा कापायचा. मेंढा नसेल तर पोर उंबऱ्यावर बसवायचं, तीनदा कडी वाजवायची आणि नजरेआड व्हायचं. दारावर आण पडते. घरवाल्यानं उचललं, की तुमचं मागणं त्याला मान्य करावंच लागतं. आणि ठेवणाऱ्यानंच परत उचललं, तर आण उलटून त्याच्याच डोक्यावर.

सात वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीबद्दल मी लिहिणार नव्हतो. पण विषय निघालाच आहे.

कोल्ह्यांनी अकरा मेंढ्या नेल्या तेव्हा मी कळप सोडून हेलेनाची माकडं बघत होतो, हे मी कबूल केलं होतं. तू मला कळपावरून काढलंस, तेही समजू शकतो. पण या घरात पाय ठेवू नकोस म्हणालास. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा" म्हणालास. माझ्याकडे कापायला मेंढा नव्हता, दादा. पोर होतं. बुधवारी दुपारी मी इद्दीरला तुझ्या उंबऱ्यावर बसवलं, कडी वाजवली, अर्धा तास थांबलो. तू आत होतास आणि तू दार उघडलं नाहीस. शुक्रवारी तो गेला. पाच वर्षांचा. इम्मानं नाव ठेवलं होतं इद्दीर, म्हणजे जगणारा.

सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी उगाळत नाही. एवढंच म्हणतो, एक पोर तुझ्या दारावर गेलं. दुसऱ्याला तरी आत घे.

मिमून


मंगळवार, २७ डिसेंबर

दादा,

आमचा मुकादम पडला.

पाच वर्षं वर होता. शरद संपता संपता एक दांडगा तरणा नर दुसऱ्या टोळीतून आला. मारामारी म्हणशील तर दोनच, त्याही छोट्या. पण मुकादमानं एकदा, फक्त एकदा, त्याला पाहून जागा सोडली. मी वहीत टिपलं. दुसऱ्या दिवशी बाकीचेही बघू लागले. आठवड्यात तो पाचवा, महिन्यात शेवटचा. बोटावर एवढीशी चावल्याची जखम होती. वर असताना असल्या जखमा चार दिवसांत सुकायच्या. ही अजून वाहते.

हेलेना दरवर्षी या सुमारास येते आणि रानातच चहा करून आम्हाला निकाल सांगते. यंदा म्हणाली, "मिमून, तुझा धास्तीचा रस दोन ठिकाणी सापडतो. जो सदा खाली आहे, ज्याला उठसूट सरकावं लागतं, त्याच्या अंगात तो झिरपत राहतो. त्याला जंत जास्त, खरूज जास्त, थंडी त्यालाच आधी धरते. पण सर्वांत जास्त कुणात असतो, सांग."

मी म्हटलं, "खालच्यात. आणखी कुणात?"

"नाही. वरच्यात. ज्याची जागा हलते आहे अशा वरच्यात."

"अन् ज्याची हलत नाही?"

"तो मजेत. त्याच्या जखमा सगळ्यांच्या आधी भरतात."

मला खरंच वाटेना, दादा. मी आयुष्यभर असं धरून चाललो की धास्ती हा धाकट्याचा वाटा आणि थोरल्याचा वाटा म्हणजे शेगडीजवळची जागा. मग मी तिला विचारलं, यावर इलाज काय? ती म्हणाली, इलाज नाही, पण एक गोष्ट दिसते. ज्याला एक तरी जिवाभावाचा दोस्त आहे, बर्फात अंगाला अंग लावून बसायला, त्याच्या अंगात तो रस कमी असतो, मग पायरी कुठलीही असो.

माझा चहा गार झाला तरी मी तो प्यायलो नाही.

आता खरी गोष्ट. झैदनं काल तुझी खबर आणली. साखर वाढलीय म्हणे. पायाला खडा लागल्याचं निमित्त झालं, जखम सहा महिने भरत नाही, दोन बोटं कापली. घर आता पोरं चालवतात आणि तू जिन्याखालच्या खोलीत असतोस. झैद म्हणाला, "मुकादमांना आता मुकादम कोणी म्हणत नाही. थोरला मुलगा आत आला की ते पाय आवरून घेतात."

तुला सांगतो, ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं. छान वाटलं! मनात म्हटलं, भोग आता. सरक. मी झैदला माझ्या वाटणीचा भाकरतुकडा दिला, इतका खूश झालो. तो गेला आणि मी देवदाराच्या बुंध्याला टेकून रडलो. खोकत रडणं सोपं नसतं. मधेच श्वास संपतो.

मुकादमकी कशामुळे गेली तुझी? पोर दारात गारठलं आणि यानं दार उघडलं नाही, हे बोलणं गावात फिरलं म्हणून. लोक तुझ्या ताटात हात घालेनासे झाले. तू मेकनेसला खाली उतरलास. ते बोलणं फिरवलं कुणी? मी. मी काही चूक केली असं म्हणत नाही. जे झालं ते सांगितलं.

तुदाबद्दल एक शब्द तरी कळव. हो म्हण नाहीतर नाही म्हण. ती विचारते, काकाकडे टीव्ही आहे का. मी म्हटलं, आहे, पण काका बातम्याच लावतो. म्हणाली, "मग मी त्याला सांगेन, तुझ्या बातम्या कालच्याच आहेत." घे, अशी आहे.

मिमून


गुरुवार, १९ जानेवारी २०१२

दादा,

आज जे पाहिलं ते लिहितो आणि मग जे सात वर्षं लिहिलं नाही ते लिहितो.

या आठवड्यात एक पिल्लू मेलं. थंडीनं. आई त्याला दोन दिवस घेऊन फिरली आणि मग सोडून गेली. आज सकाळी आमच्या टोळीतला शेवटचा नर, म्हणजे पूर्वीचा मुकादम, त्याची ती जखम आता कोपरापर्यंत चढलीय, त्यानं ते मेलेलं पिल्लू उचललं. छातीशी धरलं. बर्फातून तीन पायांवर लंगडत त्या नव्या नराकडे निघाला, दात वाजवत, रीतीप्रमाणे. जवळ जाऊन पिल्लू पुढे केलं. त्याची मान लोंबत होती. नव्या नरानं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. हा पुन्हा पुढे करतोय. पुन्हा. पुन्हा.

मी वहीत काहीच टिपलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दादा, तो बुधवार नव्हता. तो मंगळवार होता.

मंगळवारी अझ्रूचा बाजार. मंगळवारी आपल्या गावात कुत्रंसुद्धा घरी नसतं आणि तू तर पहाटेच मेंढ्या घेऊन निघायचास. हे मला माहीत नव्हतं? मी तुझा भाऊ आहे. तुझ्याबरोबर त्या बाजाराला मी तीस वर्षं गेलो. पण त्या दिवशी रबहाशी भांडण झालं होतं. "भावाच्या पायावर लोळण घे, नाहीतर आम्हाला काय माकडांचं खायला घालणार?" म्हणाली. मी तिरीमिरीत इद्दीरला उचलला आणि निघालो. वाराबिराचं भान नव्हतं म्हणावं, तर अर्ध्या वाटेवर बाजाराला जाणारे दोघं दिसले होते. तेव्हाच कळलं होतं.

तरी बसवला. म्हटलं, तू दुपार कलायच्या आत परतशील. पोर उंबऱ्यावर पाहशील. गावासमोर नको, एकट्यानं पाहशील, तर तुला सोपं जाईल. इद्दीरला सांगितलं, "काका येईपर्यंत हलायचं नाही हं. हललास तर आण मोडते." शहाणं पोर. हललं नाही.

मी मेंढवाड्याच्या भिंतीमागे उभा राहिलो. अर्धा तास नाही. दुपारच्या नमाजापासून सूर्य टेकेपर्यंत. तुझ्या धुराड्यातून धूर नव्हता. तो मी पाहत होतो, म्हणजे तो नव्हता हे पाहत होतो. बर्फ पडायला लागलं. दोनदा भिंतीबाहेर पाय टाकला. दोनदा मागे घेतला. मीच उचलला तर आण माझ्या डोक्यावर, आणि मग तुझ्यापुढे जायला माझ्याजवळ जगात काहीच उरणार नाही, असं वाटलं. त्यानं एकदा माझ्या बाजूला पाहिलं. मी डोकं खाली घेतलं.

शेवटी मीच उचलला. ओठ निळे झाले होते. मला म्हणाला, "मी हललो नाही, बा."

घरी येऊन रबहाला सांगितलं, रानात नेला होता. बुधवारी ताप चढला, छाती वाजायला लागली. शुक्रवारी गेला. आणि तू मातीला आलास, तुझ्यामागे सगळं गाव. तू माझ्या खांद्यावर हात ठेवणार एवढ्यात मी ओरडलो, "बुधवारी याच्या दारात ठेवला होता! यानं दार उघडलं नाही!"

मंगळवार म्हटलं असतं तर गावानं विचारलं असतं, मंगळवारी ठेवलास? बाजाराच्या दिवशी? म्हणून बुधवार. इतकं भान मात्र मला होतं.

तू बुधवारी दिवसभर घरी होतास. इत्तो वहिनी होती. कुणी आलं नव्हतं हे तुम्हा दोघांना माहीत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता हा बोलणार, माझी मान खाली जाणार. वहिनी तोंड उघडत होती, तू तिचा हात धरलास. आणि काही बोलला नाहीस. त्या दिवशी नाही, मुकादमकी काढून घेतली त्या दिवशीही नाही.

का बोलला नाहीस? सात वर्षं मी स्वतःला सांगत आलो की याला माज आहे, हा मला उत्तर द्यायच्या लायकीचा समजत नाही. आता वाटतं, दुसरं काही असेल. मला विचारायचं धाडस नाही.

एक हातमोजा हरवला होता त्याचा. इम्मानं विणलेला, तपकिरी. रबहा चार दिवस शोधत होती. मी म्हणत राहिलो, रानात पडला असेल.

हे पत्र पोरीसाठी नाही लिहिलं. ती बाब वेगळी. तू तिला घेऊ नकोस हवं तर, मी तोंड वर करून मागणार नाही. फक्त हे एकदा वाच. इत्तो वहिनीलाही वाचून दाखव. तिनं हे ऐकलं पाहिजे.

तुझा धाकटा भाऊ,
मिमून


मंगळवार, २१ फेब्रुवारी

दादा,

झैद गुरुवारी वर आला. गाडी बंद न करताच उतरला, खिशातून कागदाची पुडी काढली. म्हणाला, "मुकादमांनी दिलीय. आणि निरोप आहे. तीनदा पाठ करून घेतलाय माझ्याकडून."

पुडीत हातमोजा होता. तपकिरी. अंगठ्याजवळ इम्मानं दुसऱ्या रंगाची लोकर लावलेली.

निरोप असा होता, "त्याच संध्याकाळी बाजारातून आलो तेव्हा उंबऱ्यावर सापडला. पोरीला मंगळवारी पाठव. मी घरी असेन."

झैदला त्यातलं काही कळलं नाही. म्हणाला, "म्हातारा वेडा झालाय का? तो तसला पाय घेऊन जाणार कुठे? घरीच असणार की!" मी त्याच्या गळ्यात पडलो. खोकला आला तसा तो मागे सरकला. सगळेच सरकतात आता मला पाहून. उशिरा का होईना, ती पायरीही मिळाली.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या पोराच्या मातीवर उभं राहून तू मनात हिशेब घातलास की आपल्या दोघांतलं एक तरी गावात तोंड वर करून जगायला हवं, आणि मला निवडलंस. गाढवा, असं करायचं असतं का? तुझी जागा गेली, पायाची बोटं गेली. निदान मला एकट्याला बोलावून दोन मुस्काटात तरी मारायच्या होत्यास.

वहिनीनं जिन्याखाली तुझ्याशेजारी तुदासाठी खाट टाकलीय, हेही झैदनं सांगितलं. तुदानं लगेच दोन्ही झगे घडी करून पिशवीत भरले. पिशवी उशाला घेऊन झोपली.

आता ऐक. मी तिला रिकाम्या हाती पाठवणार नव्हतो. डॉक्टरचा कागद सोबत हवा, की पोर निरोगी आहे, म्हणजे तुझ्या पोरांनी कुरकुर करायला नको. शनिवारी तिला अझ्रूला नेलं. फोटो काढला. थुंकी तपासली. काल परत बोलावलं.

तिला झालाय, दादा. माझाच. गोळ्या न चालणारा.

डॉक्टरनं विचारलं, "ही शेजारी झोपत होती ना?" मी तोंड उघडलं, आणि पुन्हा खोटं बोलायची हिंमत झाली नाही. तुलाही खरं सांगतो. फादमा म्हातारीनं तिला तिसऱ्याच दिवशी परत पाठवली. घाबरली, तिचं काय चुकलं. तुदा घोंगडी घेऊन दारात उभी राहिली, म्हणाली, "बा, तिथं चरबीचा वास येतो, मी इथंच निजते." एक खोली, एक शेगडी, बाहेर बर्फ. मी म्हटलं, दादाचं उत्तर येईपर्यंत. आज येईल, उद्या येईल. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. तुला बुधवारचं खोटं लिहीत बसलो आणि तिला कुशीत घेऊन वाट पाहिली. पहिल्याच पत्रात मंगळवार लिहिला असता तर तू पहिल्याच आठवड्यात बोलावलं असतंस. पुन्हा तेच केलं मी. भिंतीमागे उभा राहिलो आणि दार कधी उघडतंय ते बघत बसलो.

मी डॉक्टरला म्हटलं, तिला मेकनेसला पाठवतो, माझा भाऊ तिच्यावर उपचार करवील, तो माणूस शब्दाचा आहे. त्यानं विचारलं, घरात कोण कोण? मी सगळं सांगितलं. तुझी साखर, पाय, न भरणारी जखम, जिन्याखालची खोली. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "चाचा, त्या माणसाच्या अंगात आता लढायला काही उरलेलं नाही. पोरगी त्या खोलीत गेली तर तो उन्हाळा पाहणार नाही."

मी विचारलं, "आणि पोरगी?"

"प्रयत्न करू," म्हणाला. बरी होईल असं म्हणाला नाही. मी वाट पाहिली की म्हणेल.

उद्या आम्हा दोघांना छातीच्या रुग्णालयात नेणार आहेत. मुलं खालच्या मजल्यावर, मोठी माणसं वर. भेटायला देत नाहीत. हेलेनाला कळवलंय, वह्या तिच्या माणसाजवळ दिल्यात. तो जुना मुकादम रविवारी मेला. देवदाराच्या मुळाशी सापडला, शेजारी कुणी नव्हतं. त्याची नोंद तेवढी राहिली होती, ती केली.

तुदाला सांगितलं की काकाकडे नंतर जायचं. तिनं विचारलं, "त्यानं नाही म्हटलं?" मी म्हटलं, नाही गं बाई, तो हो म्हणाला. त्यानं बोलावलंय. तिनं पिशवीतले झगे बाहेर काढले नाहीत. हातमोजा घालून पाहिला, तिला होत नाही. तो मी ठेवून घेतलाय, परत मागू नकोस.

आज मंगळवार. झैद निघायचा थांबलाय, एवढं लिहून त्याच्याजवळ देतो. तुझं मला ठाऊक आहे. सकाळपासून पाय बाकावर ठेवून दार सताड उघडं टाकून बसला असशील, वहिनी ओरडत असेल, थंडी आत येते म्हणून. गाडी थांबेल, झैद उतरेल, मागचं दार उघडणार नाही. मागे कुणी नसेल.

तू दार उघडलंस, दादा. माझं मागणं तिथंच पुरं झालं. आता पोर मीच उचलतो. आण माझ्या डोक्यावर येऊ दे, ती माझीच होती.

पायाला गार लागेल. दार लावून घे.

मिमून